तार कोणाच्या मालकीची?

महाराष्ट्रातल्या किती तरी ग्रामपंचायतींच्या कचेरीत भिंतीवर एक पेटी टांगलेली आढळते. पेटीवर धूळ साचलेली असते. तिच्यापर्यंत आलेली केबल रस्ता रुंद करणाऱ्या एखाद्या जेसीबीने चार कोसांवर केव्हाच तोडलेली असते, आणि तिला वीज पुरविणारी बॅटरी निकामी होऊन कोपऱ्यात पडलेली असते. सरपंचांना विचारावे तर ते आढ्याकडे पाहतात आणि खिशातला मोबाइल काढून त्यावरच पंचायतीचे काम उरकतात. दिल्लीच्या दफ्तरी मात्र या गावाची नोंद मोठ्या दिमाखाने झालेली असते: हे गाव 'सेवेसाठी सज्ज' आहे! सेवा चालू आहे असे नव्हे, सज्ज आहे. मांडव घातला, वाजंत्री बसली, अक्षता वाटल्या आणि नवरदेवाचाच पत्ता नाही, अशा लग्नाला 'लग्नसज्ज' म्हणावे तशातलाच हा प्रकार होय. अशा 'सज्ज' ग्रामपंचायतींची संख्या देशात दोन लाखांहून अधिक झाली आहे, असे सरकार अभिमानाने सांगते.

या पेटीची जन्मकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. २०११ सालच्या २५ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे' या योजनेला मंजुरी दिली. देशातील अडीच लाख ग्रामपंचायती तालुक्याच्या ठाण्यापासून काचेच्या तंतूने जोडावयाच्या, खर्च सुमारे २० हजार कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षे, असा तो संकल्प होता. २०१२ साली त्याकरिता 'भारत ब्रॉडबँड नेटवर्क' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २०१५ मध्ये योजनेचे दुसऱ्यांदा बारसे होऊन तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पुरा व्हावयास २०१७ चा डिसेंबर उजाडावा लागला. २०२२ मध्ये ती सरकारी कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'सुधारित भारतनेट' या नावाने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची नवी मंजुरी देण्यात आली. या नव्या मंजुरीत कामाचा पसारा पुष्कळ वाढलेला आहे आणि दहा वर्षांच्या देखभालीचा खर्चही धरलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि दोन वर्षांचे म्हणून हाती घेतलेले काम बारा वर्षांनंतर नव्याने मंजूर करावे लागावे, ही कोणत्याही सरकारला भूषणावह गोष्ट नव्हे. आणि या बारा वर्षांत दिल्लीत दोन्ही पक्षांची सरकारे होऊन गेली असल्याने एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचीही सोय उरलेली नाही.

या अपयशावरून काही शहाणी माणसे असा निष्कर्ष काढू लागली आहेत की, खेड्यांत तार नेणे हे सरकारचे कामच नव्हे. जाळे खाजगी कंपन्यांच्या स्वाधीन करावे, नाही तर तारेचा नादच सोडून आकाशातल्या उपग्रहांकडे पाहावे, असा त्यांचा सल्ला आहे. हा सल्ला आता केवळ चर्चेपुरता राहिलेला नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मालमत्तेच्या 'मुद्रीकरणा'ची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात भारतनेटची २ लाख ८६ हजार किलोमीटर तार दाखल होती. विक्री नव्हे, केवळ दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, असे त्या वेळी सांगण्यात आले. शेत विकले नाही, फक्त वहिवाट दुसऱ्याला दिली, या युक्तिवादातील मर्म कुळकायद्याच्या महाराष्ट्राला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तर आपल्याच राज्य सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागांकरिता स्टारलिंक या अमेरिकन उपग्रह-कंपनीशी इरादापत्र केले. तेव्हा प्रश्न असा आहे की, खेड्यापर्यंत जाणारी ही वाट अखेर कोणाच्या मालकीची राहणार? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ती सार्वजनिकच राहिली पाहिजे. सरकारने ती नीट चालविली नाही म्हणून ती गमावण्याची शिक्षा खेड्यांना देणे हा न्याय नव्हे.

ही वाट म्हणजे शहरी तरुणांच्या करमणुकीचे साधन, अशी समजूत अजूनही पुष्कळांची आहे. वस्तुतः गेल्या दहा वर्षांत सरकारने आपली सारी कचेरीच या वाटेवर नेऊन मांडली आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रातील शेतकऱ्याने आपल्या पिकाची पाहणी आपल्याच मोबाइलवर नोंदवावी, अशी व्यवस्था अमलात आली. गारपिटीने किंवा पुराने पीक गेले तर विम्याच्या भरपाईसाठी ७२ तासांच्या आत खबर दिली पाहिजे, असा पीक विमा योजनेचा दंडक आहे. ज्या गावात पाऊस सुरू होताच रेंज जाते, त्या गावच्या शेतकऱ्याने हे ७२ तास कोठे आणि कसे मोजावयाचे? रेशनच्या दुकानात धान्याची गोणी समोर असते, दुकानदार समोर असतो, शिधापत्रिकाधारक म्हातारी समोर असते, आणि यंत्र तिच्या अंगठ्याची ओळख पटविण्याकरिता दूरच्या संगणकाची वाट पाहत असते. २०२३ च्या १ जानेवारीपासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीही मोबाइलवर घेण्याची सक्ती झाली होती. २०२५ च्या सप्टेंबरात 'लाडकी बहीण' योजनेतील स्त्रियांना ई-केवायसी बंधनकारक करण्यात आली, तेव्हा सातपुड्यातील बायाबापड्यांना रेंजसाठी डोंगर चढावा लागल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या. त्याआधी २०२० च्या टाळेबंदीत कोकणातील मुलांनी रानात झोपड्या उभारून आपले अभ्यास केले, हेही महाराष्ट्र विसरलेला नाही.

पूर्वी तलाठी गावात नसला तर गावकरी तालुक्याला जात. वाट लांबची होती, पण ती सर्वांची होती. आज कचेरीच तारेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आहे. कायद्याने जे मिळावयाचे ते या तारेवाचून मिळत नसेल, तर ती तार ही चैनीची वस्तू राहत नाही. ती कचेरीची पायरी होते. आणि कचेरीच्या पायरीवर कोणी खाजगी मालकाने टोलनाका बसवावा, ही कल्पना ज्यांना सोसवते त्यांच्या सहनशीलतेला आमचा दुरून नमस्कार!

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आणण्याची गरज नाही. १९४८ च्या १ जून रोजी अहमदनगरहून पुण्याला एस. टी. ची पहिली गाडी निघाली. तोपर्यंत प्रवासी मोटारी खाजगी मालकांच्या होत्या. ज्या रस्त्यावर उतारू भरपूर त्या रस्त्यावर त्यांची झुंबड उडे. आडवाटेच्या गावाकडे कोणी फिरकत नसे. ते मालक दुष्ट होते असे नव्हे. रिकामी गाडी दहा मैल पळविणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते, इतकेच. एस. टी. ने गर्दीच्या मार्गावरील मिळकत आडवाटेच्या गाड्यांना पुरविली, म्हणून 'गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एस. टी.' हे वाक्य केवळ घोषणा राहिले नाही. एस. टी. च्या आजच्या दुरवस्थेवर आम्ही अनेकदा लिहिले आहे आणि पुढेही लिहू. पण एस. टी. मोडकळीस आली म्हणून ती नसतीच तर बरे झाले असते, असे म्हणणारा माणूस खेड्यात शोधूनही सापडणार नाही.

उलट बाजूचा धडाही आमच्याच भूमीवर गिरविला गेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला १८४९ च्या करारान्वये भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी देण्यात आली होती. नफा झाला तर भागधारकांचा, तूट आली तर ती हिंदी रयतेच्या करातून भरून निघणार! या 'हमी'वर दादाभाईंच्या पिढीने केवढी झोड उठविली होती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. अखेर सरकारला तो लोहमार्ग आपल्या हाती घ्यावाच लागला. आता ही हमी 'तूट-भरपाई अनुदान' असे नवे नाव धारण करून आली. २०२१ च्या जूनमध्ये केंद्राने सोळा राज्यांतील भारतनेट खाजगी भागीदारीने बांधून चालविण्याचे ठरविले आणि त्यासाठी १९ हजार ४१ कोटी रुपयांचे असे अनुदान देऊ केले. (महाराष्ट्र त्या सोळांत नव्हता.) निविदा निघाल्या, पण एवढे आमिष दाखवूनही कंपन्या पुढे आल्या नाहीत, आणि तो बेत गुंडाळावा लागला. याहून मोठा पुरावा कोणता हवा? त्याआधी १९९० च्या दशकात खाजगी दूरध्वनी कंपन्यांना परवाने देताना खेड्यांत सार्वजनिक दूरध्वनी बसविण्याची अट घातली होती. ती बहुतांशी कागदावरच राहिली. आम्ही कंपन्यांना दोष देत नाही. व्यापाऱ्याने नफा पाहावा हा त्याचा धर्मच आहे. दोष त्यांचा, जे पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतरही त्याच दारात पुन्हा तीच याचना घेऊन उभे राहतात.

आणि हा पैसा तरी कोणाचा? २००२ पासून प्रत्येक दूरसंचार कंपनीच्या उत्पन्नातून सार्वत्रिक सेवेसाठी ५ टक्के अधिभार वसूल होतो. २००३ च्या कायद्याने त्याचा स्वतंत्र निधी झाला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. हा अधिभार कंपन्या भरतात असे म्हणतात. वास्तविक तो तुमच्या-आमच्या बिलातून जातो. लालबागच्या गिरणीकामगाराच्या विधवेने मोबाइलवर खर्च केलेल्या रुपयातील काही पैसे या तारेत आहेत, तसेच सांगोल्याच्या मेंढपाळाचेही आहेत. वर्षानुवर्षे या निधीतील मोठा हिस्सा खर्चच न होता पडून राहिला, ही लाजिरवाणी गोष्ट निराळी. जनतेने आगाऊ किंमत मोजलेली वस्तू जनतेच्या नावावरच राहावी, ही मागणी समाजवादाची आहे असे कोणास वाटत असेल तर खुशाल वाटो. आम्हांस ती साध्या हिशेबाची वाटते.

खाजगी कंपन्यांनी काहीच केले नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा जो स्वस्त झाला, तो स्पर्धेमुळे झाला, आणि त्याचा लाभ खेड्यांनाही मिळाला. पण स्पर्धक मोजके उरले म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले. २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून दर वाढविले. शिवाय एक तांत्रिक गोष्ट सामान्य वाचकाने ध्यानात घेतली पाहिजे. मोबाइलचा मनोरा हवेतून संदेश देतो खरा, परंतु त्या मनोऱ्याला स्वतःला जगाशी जोडण्यास दमदार तार लागते. ती नसेल तर फोनवर रेंजच्या चार काड्या दिसतात आणि पान उघडत नाही. म्हणजे तारेला मोबाइल हा पर्याय नव्हे. मोबाइललाच तार हवी. सार्वजनिक मालकीची तार समान भाड्याने सर्व कंपन्यांना खुली ठेवली तर खाजगी व्यापाराचे काडीइतकेही नुकसान होणार नाही. रस्ता सरकारचा आणि गाडी ज्याची त्याची, हा व्यवहार आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला आहे.

उपग्रहाचेही तसेच. भामरागडच्या अरण्यातील वाडीला, नर्मदाकाठच्या पाड्याला, जेथे तार नेणे खरोखर दुष्कर आहे तेथे उपग्रहाने सेवा मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. पण वाशीम हे काही हिमालयाचे शिखर नव्हे! पठारावरच्या, सडकेने जोडलेल्या जिल्ह्यालाही 'दुर्गम' ठरवून आकाशाकडे बोट दाखविणे म्हणजे जमिनीवरच्या अपयशाची कबुली देणे होय. उपग्रह परक्या कंपनीचे, दर तिचे, आणि ती सेवा केव्हा चालू ठेवावी याचा निर्णयही सरतेशेवटी सातासमुद्रापलीकडे. जमिनीत पुरलेली तार कितीही नादुरुस्त असली तरी ती दुरुस्त करण्यास आपल्याच तालुक्यातला माणूस पुरतो.

आता आमच्याच बाजूचे जे खरे दुखणे आहे त्याकडे वळू. सार्वजनिक मालकीची बाजू मांडणाऱ्यांनी हे दुखणे झाकून ठेवल्यानेच ती मालकी बदनाम झाली आहे. भारतनेटची पहिली चूक आखणीतच होती. तालुक्यापासून निघालेली तार एका गावाहून दुसऱ्या गावाला सरळ ओळीत गेली. ओळीत मध्ये एका ठिकाणी कुदळ लागली की पुढची सारी गावे अंधारात! आता 'सुधारित' योजनेत तार वर्तुळाकार फिरविण्याचे ठरले आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश येईल. हे शहाणपण यावयास बारा वर्षे का लागली, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे. दुसरी चूक अशी की, तार पंचायतीच्या दारात येऊन थांबली. तेथून शाळेत, दवाखान्यात, घराघरात ती कोणी न्यावयाची, याचा विचार मागाहून झाला. पाण्याची टाकी बांधावी आणि नळ घालावयाचे विसरावे, तसे हे झाले.

पण सर्वांत मोठी चूक जबाबदारीची. केबल घालणारा कंत्राटदार एक, तिची मालकी दिल्लीच्या कंपनीची, दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रात काम राज्याच्या महाआयटीकडे, गावातली सेवा चालविण्याचे काम सेवा केंद्राकडे, आणि रस्ता खणून तार तोडणारे खाते पाचवेच. पेटीचा दिवा विझला तर सरपंचाने यांपैकी कोणाचे दार ठोठवावे? प्रत्येकाकडे पुढच्याचा पत्ता तयार असतो. सर्वांची मालकी म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही, असा अर्थ आमच्या सरकारी यंत्रणेने रूढ करून ठेवला आहे, आणि खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना याहून सोयीचे हत्यार कोणीही दिले नसते.

या दुखण्यावर औषध आहे, आणि ते मालकी दिल्लीतून उचलून एखाद्या धनिकाच्या हवाली करण्याचे नव्हे, तर तिची वहिवाट गावाजवळ आणण्याचे आहे. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशात १९३० च्या दशकात हाच प्रश्न विजेबाबत उभा होता. शहरे झगमगत होती आणि दहांतील जेमतेम एका शेतावर वीज होती. कारण दूरदूरच्या शेतांवर तारा नेणे वीज-कंपन्यांना परवडत नव्हते. रूझवेल्ट यांनी १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी केली, तिने कर्जे दिली, आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून आपल्या तारा आपणच ओढल्या. त्यांतील कित्येक संस्था आज आपल्या सभासदांच्या घरी ब्रॉडबँडची तार नेत आहेत. आपल्या देशात केरळने २०२३ च्या ५ जूनला 'के-फोन' हे राज्याच्या मालकीचे जाळे सुरू केले. वीज मंडळाच्या खांबांवरूनच त्याच्या तारा नेल्या, त्यामुळे खोदकाम वाचले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचा संकल्प होता. पहिल्या टप्प्यात मात्र १४ हजार कुटुंबांचीच निवड झाली. केरळही स्वर्ग नव्हे. परंतु इंटरनेट हा नागरिकाचा हक्क आहे असे म्हणून एका राज्याने स्वतःची तार ओढली, हे पाऊल महाराष्ट्राने अभ्यासण्याजोगे आहे.

सहकार महाराष्ट्राला शिकविण्याची गरज नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तेव्हाही शहाण्यांनी नाके मुरडली होती. पण त्याच परिसरातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेची आठवणही येथे करून दिली पाहिजे. २०११ साली तिचा परवाना संपला, तेव्हा मागे थकबाकीचा डोंगर उरला होता. सहकार म्हटला की पुढाऱ्यांचा वाडा आलाच, ही भीती अनाठायी नाही. म्हणून तारेची मालकी कोणा संस्थेकडेही जाता कामा नये. ती सार्वजनिकच राहावी, आणि गावातली सेवा चालविण्याचे काम तेवढे ग्रामसभेने निवडलेल्या बचत गटाला, संस्थेला वा तरुण उद्योजकाला ठरावीक मुदतीने मिळावे. नीट चालविले नाही तर काढूनही घ्यावे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. तार सरकारची झाली म्हणजे तिचे बटणही सरकारच्या हाती गेले, आणि आपल्या देशातील सरकारे इंटरनेट बंद करण्यास किती उतावीळ असतात हे जगजाहीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या जानेवारीत अशा बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, असे बजावले; तरी बंदीचा सोस कमी झालेला नाही. पण आज खाजगी कंपन्यांची सेवाही सरकारी हुकुमासरशी बंद पडतेच. एकाही कंपनीने नागरिकाच्या वतीने तो हुकूम अडवून धरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. नागरिकाचे संरक्षण मालकाच्या नावात नाही; ते कायद्यातच शोधावे लागेल, आणि तो कायदा करून घेण्याचा लढा स्वतंत्रपणे लढावा लागेल.

राज्य सरकारकडे आमची मागणी एवढीच आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक पैशाने घातलेली एकही किलोमीटर तार विकली जाणार नाही किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने एका कंपनीस दिली जाणार नाही, असा कायदा विधिमंडळाने करावा. प्रत्येक जिल्ह्यात तारेच्या दुरुस्तीला एकच जबाबदार अधिकारी नेमावा, दुरुस्तीची मुदत तासांत ठरवावी, आणि रस्ता खणताना तार तोडणाऱ्या कंत्राटदाराकडून भरपाई वसूल करावी. स्टारलिंकशी झालेल्या इरादापत्राचा संपूर्ण मजकूर मराठीत प्रसिद्ध करावा. आणि येत्या अधिवेशनात 'सज्ज' हा शब्द न वापरता सभागृहाला एक आकडा सांगावा: राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी आजच्या तारखेस किती पेट्यांतला दिवा जळतो आहे.